‘बी’ दिसेनासा होण्यापूर्वी

हिवाळ्यातल्या रात्री व्याध वर चढला की त्याच्या आग्नेयेला पपिस नावाचा एक अंधुकसा तारकासमूह असतो. त्या दिशेला, आपल्यापासून सुमारे २,४०० प्रकाशवर्षांवर, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरताहेत. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसायचं कारण नाही. दोघांचंही वस्तुमान सूर्यापेक्षा थोडं जास्त, पण आकार जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. दोघांतलं अंतर नऊ लाख किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्यांची सगळी धावपळ एकट्या सूर्याच्या पोटात मावून जाईल. एक प्रदक्षिणा २ तास २७ मिनिटांत पुरी होते. दर प्रदक्षिणेत एकदा यातला एक तारा दुसऱ्याच्या मागे जातो आणि त्याचे रेडिओ स्पंद साधारण ३० सेकंद अडतात.

या ३० सेकंदांवरून एका न्यूट्रॉन ताऱ्याचं डुलणं मोजलं गेलं. गंमत अशी की डुलणारा तारा एक, आणि ज्याचा प्रकाश मोजला तो दुसराच. मोजणी पुरी होते न होते तोच डुलणारा तारा दिसेनासा झाला.

गोष्ट सुरू होते २००३ साली, ऑस्ट्रेलियात. न्यू साउथ वेल्समध्ये, मेंढरांच्या कुरणांमध्ये, पार्क्स गावाजवळ ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण उभी आहे. माणूस चंद्रावर उतरला तेव्हाची बरीचशी दृश्यं जगाने पाहिली ती हिच्यामार्फतच. नव्वदच्या दशकात तिच्यावर एकाच वेळी आकाशातल्या १३ जागा न्याहाळणारा ग्राहक बसवला आणि पल्सार शोधण्याचा कारखानाच सुरू झाला. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात पीएच.डी. करणारी मार्ता बुर्गाय अशाच एका सर्वेक्षणावर काम करत होती.

पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओलहरींचे झोत निघतात, आणि दर गिरकीला झोत पृथ्वीवरून फिरला की आपल्याला एक स्पंद मिळतो. जोसलिन बेलने १९६७ साली पहिला पल्सार पकडला. तेव्हापासून या ताऱ्यांची ख्याती आहे ती नेमक्या वेळेसाठी. बुर्गायच्या नोंदींत सेकंदाला ४४ स्पंद देणारा एक पल्सार सापडला, आणि त्याचा ठोका अवघ्या काही मिनिटांच्या निरीक्षणातच सरकताना दिसत होता. इतकं काटेकोर घड्याळ मिनिटांत चुकायला लागलं, तर घड्याळ बिघडलेलं नसतं. ते कुणाच्या तरी ओढीने प्रचंड वेगाने फिरत असतं. आणखी निरीक्षणं घेतल्यावर सोबत्याचं वस्तुमान निघालं न्यूट्रॉन ताऱ्याएवढं. डिसेंबर २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला. सोबती गप्प आहे, याचं त्या वेळी कुणाला नवल वाटलं नव्हतं. तोवर माहीत असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या प्रत्येक जोडीत एकच पल्सार बोलका होता.

पण हा सोबती गप्प नव्हता. दर प्रदक्षिणेत साधारण दहा-दहा मिनिटांच्या दोनच टप्प्यांत तो ठळक उमटायचा आणि एरवी जवळजवळ विझलेला असायचा. भलत्या वेळी पाहिलं तर तिथे काही नाही असंच वाटणार. इंग्लंडमधल्या जोड्रेल बँक वेधशाळेच्या डंकन लोरिमरना पार्क्सच्या नोंदींत २.७७ सेकंदांच्या अंतराने येणारे हे दुसरे स्पंद दिसले. ज्या जोडीत दोघेही बोलतात, असा हा पहिला दुहेरी पल्सार. वेगवान तारा ‘ए’, सावकाश फिरणारा ‘बी’. जगभरच्या रेडिओ दुर्बिणी तिकडे वळल्या. नारायणगावजवळच्या खोडदची आपली जीएमआरटीही त्यांत होती.

‘बी’ असा मधूनच उजळायचा आणि विझायचा, त्याचं कारण ‘ए’ होता. भरधाव गिरकी घेणारा ‘ए’ विद्युतभारित कणांचा जोरदार वारा सोडतो. गिरकी मंदावताना ‘ए’ जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो ती ‘बी’च्या काही हजार पट भरते. हा वारा ‘बी’च्या चुंबकीय आवरणाला एका बाजूने झोडपून काढतो, त्यामुळे कक्षेतल्या ठराविक जागीच ‘बी’चा झोत आपल्याकडे येऊ शकतो. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढे हीच अडचण होणार आहे.

आता डुलण्याकडे येऊ. फिरणाऱ्या वस्तूचा अक्ष स्वतःच सावकाश वर्तुळ काढू लागला की त्याला परांचन म्हणतात. मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. पृथ्वीचा अक्ष असाच फिरतो म्हणून वसंतसंपात नक्षत्रांतून मागे सरकतो, आणि याच संपातचलनाचा आधार घेऊन लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये वेदकाळाचं गणित मांडलं. पृथ्वीचा अक्ष सरकतो तो चंद्र-सूर्य तिच्या फुगीर विषुववृत्ताला ओढतात म्हणून. गती अगदीच संथ: एक अंश सरकायला ७२ वर्षं. ‘बी’चा अक्ष साधारण तेवढ्याच काळात पुरे ३६० अंश फिरून येतो. आइन्स्टाइनचा सिद्धान्त खरा असेल तर ७१ वर्षांत एक फेरा, म्हणजे वर्षाला ५.०७ अंश.

‘बी’च्या बाबतीत फुगीरपणाचा आणि ओढीचा संबंध नाही. त्याचा अक्ष वळतो तो तिथलं अवकाशच वाकडं आहे म्हणून. सपाट जमिनीवर एक बाण, त्याचं तोंड जराही न वळवता, मोठी फेरी मारून परत आणला तर तो सुरुवातीच्याच दिशेला रोखलेला असतो. तोच बाण गोलाच्या पृष्ठभागावरून नेला, विषुववृत्तावरून ध्रुवावर, ध्रुवावरून दुसऱ्या रेखावृत्ताने खाली आणि परत, तर तो वळून येतो. कुणीही त्याला हात लावलेला नसतो. जड सोबत्याजवळच्या वक्र अवकाशकाळातून प्रदक्षिणा घालणाऱ्या ताऱ्याच्या अक्षाचं असंच होतं. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताची शाई वाळायच्या आत, १९१६ साली, डच खगोलशास्त्रज्ञ विलेम द सिटर यांनी हा परिणाम पृथ्वी-चंद्राच्या जोडीसाठी मांडला. उत्तर आलं होतं शतकाला दोन सेकंद-कोनांहूनही कमी. नंतर ग्रॅव्हिटी प्रोब बी या उपग्रहाने पृथ्वीभोवती फिरत, जवळजवळ परिपूर्ण गोल गोळ्यांच्या घूर्णदर्शींनी हाच परिणाम मोजला. तो वर्षाला ६.६ सेकंद-कोन इतका भरला. पपिसमधल्या जोडीत हीच गोष्ट अडीच हजार पटींहून जोरात चालू होती, आणि तीही फुकटात.

पल्सारमध्ये हे दिसावं ही अपेक्षा जुनी होती. रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांनी १९७४ मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीवर जोडीतला पहिला पल्सार शोधला आणि त्याच वर्षी तिबो दामूर आणि रेमो रुफिनी यांनी लिहून टाकलं की याचा अक्ष वळत राहील आणि स्पंदांचा आकार बदलेल. तर्क सरळ होता. अक्ष वळला की झोताचा आपल्याला भिडणारा काप बदलणार. आज मधला भाग, उद्या कडेचा, परवा कदाचित काहीच नाही. पंधरा वर्षं वाट पाहावी लागली. हल्स-टेलर पल्सारच्या स्पंदाला दोन उंचवटे आहेत. जोएल वाइसबर्ग, रॉजर रोमानी आणि टेलर यांनी १९८९ मध्ये दाखवलं की त्यांतल्या एकाची उंची दुसऱ्याच्या तुलनेत वर्षाला साधारण एक टक्क्याने घटतेय. जर्मनीतल्या एफेल्सबर्गच्या १०० मीटर दुर्बिणीवर मायकेल क्रॅमर यांना १९९८ मध्ये दोन उंचवटे एकमेकांकडे सरकताना दिसले. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की २०२५ च्या सुमारास हा पल्सार पृथ्वीवरून दिसेनासा होईल.

परांचनाची ही पहिली चाहूल पक्की होती, पण मोजमाप पक्कं नव्हतं. झोताचा आकार कसा असतो हे कुणालाच नीट ठाऊक नाही. गोल, पोकळ, ठिगळाठिगळांचा, काहीही असू शकतो. आपल्याला दिसतो तो त्याचा एक पातळसा काप. काप बदलला म्हणजे अक्ष वळला हे कळतं, पण किती वळला हे सांगायला झोताचा आकार आधी गृहीत धरावा लागतो. उत्तरात थोडा आइन्स्टाइन आणि थोडं आपलं गृहीतक असतं, आणि दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

बदलणाऱ्या स्पंदांवर किती भरवसा ठेवावा, याचा एक किस्सा याच काळातला आहे. २००० साली इनग्रिड स्टेअर्स, अँड्र्यू लाइन आणि सेतनम शेमार यांनी बी १८२८–११ या एकांड्या पल्सारच्या १३ वर्षांच्या नोंदी मांडल्या. त्याची लय आणि स्पंदांचा आकार दोन्ही साधारण ५०० दिवसांच्या चक्राने मागे-पुढे होत होते. सोबती नाही, तरी डुलणं. तारा किंचित वेडावाकडा असेल तर तो आपसूक असा डुलू शकतो. निबंध ‘नेचर’मध्ये आला. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटातला पदार्थ कसा असेल, याच्या सिद्धान्तांना त्याने हादरा दिला, कारण त्या सिद्धान्तांप्रमाणे इतकं संथ डुलणं टिकायलाच नको होतं. दहा वर्षांनी लाइन आणि सहकाऱ्यांनी असे बरेच पल्सार तपासले, तेव्हा दिसलं की त्यांचं चुंबकीय आवरण दोन अवस्थांमध्ये एकाएकी पलटी मारतं. बी १८२८–११ मध्येही तेच दिसत होतं. डुलण्याचा पुरावा निसटला. २०१० च्या त्या निबंधाच्या लेखकांत स्टेअर्स आणि लाइन स्वतःच होते, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. (डुलणं अजून पुरतं निकालात निघालेलं नाही. काहींच्या मते पलटी कधी मारायची हे डुलणंच ठरवत असेल.)

म्हणून दुहेरी पल्सार सापडल्यावर साऱ्यांची नजर भरवशाचा साक्षीदार शोधत होती. ‘ए’ ठळक होता, वेळेचा पक्का होता, त्याचा अक्षही ७५ वर्षांत एक फेरा मारायला हवा होता. काही वर्षांत त्याच्या स्पंदांचा आकार बदलणार, असं म्हणून सगळे मोजत बसले. आकार तसूभरही बदलला नाही. कारण पुढे लक्षात आलं. ‘ए’चा अक्ष कक्षेच्या प्रतलाला जवळजवळ काटकोनात आहे, तीनेक अंशांपेक्षा जास्त कललेला नाही. उभा अक्ष उभ्या रेषेभोवती फिरला काय न फिरला काय, दिसणार काही नाही.

राहिला ‘बी’. त्याचा अक्ष भरपूर कललेला होता आणि त्याचा प्रकाश वर्षावर्षाला बदलतही होता. उजळणारे दोन टप्पे आखडत होते, जागा सोडत होते, स्पंदाचा एक उंचवटा दुभंगत होता. पण ‘बी’वर ‘ए’चा वारा आदळत होता. त्यात कक्षा लंबगोल, आणि तो लंबगोल स्वतःच वर्षाला जवळपास १७ अंशांनी वळत होता. म्हणजे वाऱ्याचा मारा आणि आपली नजर यांचं नातंही बदलत होतं. ‘बी’ मंदावतोय हे दिसत होतं. त्यातलं किती डुलण्यामुळे आणि किती वाऱ्यामुळे, हे सांगता येत नव्हतं. ज्याची साक्ष हवी तोच साक्षीदार दबावाखाली.

वाट निघाली ती ग्रहणातून.

ही कक्षा पृथ्वीवरून जवळजवळ कडेने दिसते, म्हणून ‘ए’ दर प्रदक्षिणेत ‘बी’च्या मागून जातो. अडवणारी वस्तू ‘बी’चा वीस-पंचवीस किलोमीटरचा गोळा असता तर ग्रहण सेकंदाचा अंशही टिकलं नसतं. ३० सेकंदांच्या ग्रहणाचा अर्थ असा की अडथळा साधारण १८,००० किलोमीटर रुंद आहे. तो ‘बी’चं चुंबकीय आवरण असणार. व्हिकी कास्पी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ग्रहणांचा पहिला तपशीलवार अभ्यास मांडला. पाठोपाठ मॉरा मॅकलॉफ्लिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या दुर्बिणीच्या नोंदी बारीक काळात चिरून पाहिल्या, आणि त्यांना दिसलं की ग्रहणात सलग अंधार नाही. ‘ए’चा प्रकाश जातो, येतो, पुन्हा जातो. आणि हे चढउतार ‘बी’च्या गिरकीच्या तालावर आहेत. ग्रहणाच्या काही भागात ‘बी’च्या एका गिरकीत दोनदा उजेड येतो, काही भागात एकदा. ‘ए’ स्वतः सेकंदाला ४४ स्पंद देत असल्यामुळे ‘बी’च्या एका गिरकीत त्याचे शंभराहून जास्त स्पंद येतात. म्हणजे ‘बी’च्या आवरणाचा काप घ्यायला हाताशी अतिशय बारीक सुरी होती.

पुढच्याच वर्षी मॅक्सिम ल्युतिकोव्ह आणि क्रिस्टोफर टॉमसन यांनी या लपंडावाचं रूप सांगितलं. ‘बी’च्या चुंबकीय रेषा दोन ध्रुवांमधून कमानीसारख्या वळून परत येतात आणि या कमानींमध्ये तप्त कणांचा ढग अडकलेला असतो. ध्रुवांच्या रेषेत तो ढग नसतो. सगळा मिळून आकार होतो मेदुवड्याचा, मध्ये भोक आणि भोवती जाड कडं. मात्र वडा ‘बी’च्या फिरण्याच्या अक्षावर सरळ बसलेला नाही, भलताच तिरका आहे. त्यामुळे दर गिरकीला तो डोलतो. कधी आपल्याकडे कड करतो, तेव्हा ‘ए’चा प्रकाश वरून किंवा खालून निसटतो. कधी अंग आडवं घालतो, तेव्हा प्रकाश अडतो. एवढ्या साध्या भूमितीतून ग्रहणाचे चढउतार जवळजवळ जसेच्या तसे निघत होते. खगोलशास्त्रात इतकं स्वस्तात सुटलेलं गणित विरळाच.

इथे रेने ब्रेताँचा प्रवेश होतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हिकी कास्पींच्या हाताखाली तो पीएच.डी. करत होता. त्याने मनात घेतलं ते असं: वड्याच्या तिरकेपणावरून ग्रहणाचा ताल ठरतो. ‘बी’चा अक्ष डुलत असेल तर आपल्याला दिसणारा वड्याचा तिरकेपणा वर्षागणिक बदलणार आणि ग्रहणातला ताल हळूहळू वेगळा होत जाणार. त्यासाठी ‘बी’च्या झोताकडे बघायची गरज नाही, झोताचा आकार गृहीत धरायचीही नाही. प्रकाश ‘ए’चा. तो स्थिर आणि ठळक. ‘बी’ने फक्त आडवं यायचं.

नोंदी ग्रीन बँकच्या होत्या, अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगराळ मुलखातल्या. तिथल्या शंभर मीटरच्या दुर्बिणीभोवती सरकारनेच रेडिओ-शांतता राखलेला टापू आखून दिला आहे. डिसेंबर २००३ ते नोव्हेंबर २००७ या काळातली, ८२० मेगाहर्ट्झवर टिपलेली साठाहून अधिक ग्रहणं गोळा झाली. एकेक ग्रहण घ्यायचं, त्याला वड्याची भूमिती जुळवून बघायची आणि तीन कोन काढायचे: चुंबकीय अक्ष फिरण्याच्या अक्षापासून किती दूर, फिरण्याचा अक्ष कक्षेच्या लंबापासून किती कललेला, आणि तो अक्ष त्या लंबाभोवती कोणत्या दिशेला वळलेला.

परांचनाचं लक्षण ओळखायला यापेक्षा चांगली कसोटी नव्हती. आइन्स्टाइनचं म्हणणं खरं असेल तर पहिले दोन कोन चार वर्षांत हलता कामा नयेत आणि तिसरा सरळ रेषेत पुढे जायला हवा. कोन बेताल पसरले असते तर वड्याची कल्पनाच चुकीची ठरली असती. तिन्ही हलले असते तर काहीतरी वेगळंच चालू असल्याचं कळलं असतं.

पहिला कोन ७१ अंशांच्या आसपास जागच्या जागी राहिला. दुसऱ्याने दाखवलं की अक्ष लंबापासून सुमारे ५० अंश कललेला आहे, आणि तोही हलला नाही. तिसरा सरकत होता, वर्षाला ४.७७ अंशांनी, साधारण ०.६६ अंश इकडे-तिकडे धरून. सिद्धान्ताचं उत्तर ५.०७. ते आत बसत होतं. १३ टक्क्यांची चूक हा आकडा कमी नाही, पण ही चूक झोताच्या आकाराबद्दलच्या अंदाजाची नव्हती, मोजमापाची होती. ती मोजमापानेच कमी होणार होती. शिवाय दोन्ही ताऱ्यांच्या कक्षांचा आकार स्वतंत्रपणे मोजलेला असल्यामुळे आइन्स्टाइनला पर्याय म्हणून मांडलेल्या सिद्धान्तांनाही याच आकड्यावर घासून पाहता येत होतं. असं करू देणारी दुसरी जोडी तेव्हा नव्हती.

दोन अक्षांतली तफावतही बरंच सांगून जाते. ‘ए’ ताठ आहे, ‘बी’ ५० अंश कललेला. ‘बी’ नंतर जन्मला. त्याला जन्म देणाऱ्या स्फोटाने कक्षा फारशी उलथवली नाही, नाहीतर ‘ए’ कक्षेला इतका ताठ राहिला नसता. तरीही ‘बी’ स्वतः मात्र तिरका झाला. म्हणजे स्फोटाचा धक्का हलका होता, पण केंद्रापासून बाजूला बसला असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. मला हे खूप पटतं, पण ते डुलण्याइतकं पक्कं नाही, हेही सांगायला हवं.

ब्रेताँ आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये जुलै २००८ मध्ये आला. लेखकांत कास्पी, मॅकलॉफ्लिन, क्रॅमर, ल्युतिकोव्ह होते आणि इनग्रिड स्टेअर्सही. तोवर ‘बी’ गेला होता.

मार्च २००८ नंतर ‘बी’चे स्पंद कुठल्याच दुर्बिणीला मिळेनात. तो विझला नव्हता. तो फिरत होता, वारा झेलत होता, ‘ए’ला झाकत होता. त्याचा झोत आता पृथ्वीवरून जात नव्हता, इतकंच. अक्ष डुलत होता याचा याहून उघड पुरावा दुसरा नसेल, पण मोजायला तो निकामी होता. बेनेट्गे परेरा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आधीच्या वर्षांच्या नोंदी लावून पाहिल्या, तेव्हा त्याच्या स्पंदाचा एक उंचवटा दोनांत फुटून मंदावत गेल्याचा सगळा क्रम स्पष्ट झाला. ब्रेताँची मोजणी ‘बी’च्या प्रकाशावर उभी असती तर २००७ च्या नोव्हेंबरपाठोपाठ ती तशीच थांबली असती.

ग्रहणं मात्र सुरूच होती. ‘बी’ बोलत नसला तरी वडा आडवा येतच होता. एक नवी अडचण मात्र झाली. आधी ‘बी’ कुठल्या क्षणी कुठे वळलेला आहे हे त्याचे स्पंदच सांगत. आता तेही ‘ए’च्या चढउतारांतूनच काढावं लागतं. म्हणजे घड्याळाचा काटा न बघता त्याच्या सावलीवरून वेळ सांगायची.

दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या वैराण प्रदेशात ६४ तबकड्यांची मीरकॅट दुर्बीण उभी राहिली आणि ही ग्रहणं पूर्वी कधी नव्हती इतकी स्पष्ट दिसू लागली. मार्कस लोअर आणि सहकाऱ्यांनी तिच्यावरची ग्रहणं घेऊन पुन्हा तोच वडा, तेच तीन कोन जुळवले. २०२४ मध्ये छापलेलं त्यांचं उत्तर वर्षाला ५.१६ अंश आहे, चूक साधारण ०.३३ अंश. ब्रेताँच्या वेळेपेक्षा निम्मी. ५.०७ अजूनही आत बसतं.

झोताचं कोडं मात्र सुटलेलं नाही. ‘बी’ पुन्हा कधी दिसेल हे अक्षाच्या गतीवरून सांगता येत नाही, कारण ते झोत कसा आहे यावर अवलंबून आहे, आणि झोत कसा आहे हे कळतं ते तो दिसला तरच. परेरांच्या गटाने झोताचा आकार गृहीत धरून हिशोब केला. झोताचा पूर्वीचाच भाग परत समोर यायचा असेल तर २०३५ च्या सुमारास, असं त्यांचं उत्तर. झोताची दुसरी बाजू पहिलीसारखीच असेल तर तो २०१४ मध्येच दिसायला हवा होता. तो तेव्हा दिसला नाही, त्यावरून झोत दोन्ही बाजूंनी सारखा नाही एवढं कळलं.